रोखीचा भाव, उधारीचा भाव

देवळाली कॅम्पातल्या आमच्या किराणा दुकानात गल्ल्याच्या मागे पत्र्याची एक पाटी होती. 'आज रोख, उद्या उधार'. लहानपणी मला ती पाटी खरी वाटायची. पुढे मोठा झालो, बँकेत नोकरीला लागलो, तीस वर्षे दुसऱ्यांच्या कर्जखात्यांवर सह्या केल्या आणि निवृत्त झालो. गेल्या वर्षी मोठ्या भावाने, दादाने, दुकान बंद करायचे ठरवले तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तिच्यात आजोबांच्या आणि वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या. त्या उघडल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की, पाटी खोटी होती. दुकान चालत होते ते उधारीवरच.

जुन्या दुकानांबद्दल आपल्याकडे हळवेपणाने पुष्कळ लिहिले जाते. चिंचेच्या गोळ्या, कागदाच्या पुड्या, दोऱ्याचे रीळ, शेठजींचा प्रेमळ स्वभाव. जुन्या शेतीबद्दलही तसेच. पण ही दुकाने आणि भोवतालची शेते या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकाच व्यवहाराची ती दोन टोके होती आणि मधला धागा होता वहीचा. तो व्यवहार नेमका कसा चालत असे, त्यात कोण तरत असे आणि कोण पिळला जात असे, हे वह्यांच्या आधारे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. वह्या आमच्याच घरच्या असल्याने तटस्थ राहणे अवघड गेले, हे आधीच कबूल करतो.

छावणीचा बाजार

देवळाली कॅम्प हे गाव नव्हे, ती छावणी. मूळ देवळाली गाव वेगळे, भगूर वेगळे. १८६१ मध्ये इंग्रजांनी इथे लष्कराचा मुक्कामी तळ उभारला. समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे फूट उंचीवरची कोरडी हवा आणि मुंबईशी जोडणारा मार्ग, या दोन गोष्टी त्यामागे होत्या. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि मुंबई बंदरात उतरलेली पलटण थेट इथवर येऊ लागली. विलायतेहून येणाऱ्या आणि तिकडे परतणाऱ्या तुकड्या इथे थांबत. जुन्या गॅझेटियरांत इथल्या बराकींमध्ये ५,००० माणसांची सोय असल्याची नोंद आहे.

सैनिकांची ने-आण करणारी जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत देवळालीत बसून राहावे लागे. काम नाही, ऊन आहे, घर दूर आहे. अशा सैनिकाचे डोके फिरले की 'त्याला देवळालीचा ताप चढला' असे सोबती म्हणत. इंग्रजी भाषेत वेड लागण्याला 'डूलॅली' हा शब्द आला तो इथूनच. आपल्या गावाचे नाव परक्या भाषेच्या कोशात असे जाऊन बसले, याची गंमत कॅम्पातल्या लोकांना अजून वाटते.

दुकानदाराच्या दृष्टीने मात्र या गोष्टीचा अर्थ वेगळा होता. छावणीचा पैसा ऋतूप्रमाणे येई. हिवाळ्यात बराकी भरत, तेव्हा दूध, अंडी, भाजी, पाव, जळण, घोड्यांसाठी हरभरा आणि गवत, सगळ्याला मागणी. आणि हा माल येई कुठून? भगूर, लहवित, नानेगाव, शेवगे दारणा, संसरी, बेलतगव्हाण, विहितगाव, पळसे या भोवतालच्या गावांतून. दारणेच्या काठची जमीन काळी. १९१६ मध्ये वर इगतपुरीच्या अंगाला दारणा धरण झाले. एरवी कोरडवाहू बाजरीवर भागवणाऱ्या कुणब्याने विहिरीवर मोट बांधून कोबी, फ्लॉवर, बटाटा लावला, कारण घ्यायला छावणी होती.

छावणीबरोबर दुकानदार आले. पारशी, बोहरा, गुजराती, मारवाडी, आणि सिन्नर-संगमनेरकडून आमच्यासारखे काही. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी इथे पडली आणि त्यांच्यातल्या अनेकांनी लॅम रोडच्या आसपास दुकाने थाटली. मुंबईकर पारशी, जैन, बोहरा मंडळींची आरोग्यधामे होती, तिथे हवापालटासाठी येणाऱ्यांचे गिऱ्हाईक वेगळेच. १९२५ मध्ये बार्न्स स्कूल सुरू झाले.

त्या शाळेत काही काळ शिकलेल्या एका मुलाचे घर आपल्या विषयाच्या अगदी जवळ आहे. पेशावरचे लाला गुलाम सरवर खान हे फळांचे व्यापारी होते. पेशावरला आणि देवळालीत त्यांच्या बागा होत्या. सरहद्दीकडची फळे रेल्वेच्या वाघिणींतून मुंबईला येत. महायुद्धात ही वाहतूक विस्कळीत झाली आणि धंद्याला फटका बसला. त्यांचा मुलगा यूसुफ पुढे दिलीपकुमार या नावाने ओळखला गेला. देशभर गाजलेल्या या नटाच्या आईवडिलांच्या कबरी देवळालीत आहेत. बाग आणि पेढी एकाच घरात असली की एकीकडचा तोटा दुसरीकडे किती लवकर पोचतो, हे या घराच्या उदाहरणावरून दिसते. बहुतेक दुकानदारांकडे मात्र बाग नव्हती, आणि बागवाल्यांकडे दुकान नव्हते.

दोन अपुऱ्या मालक्या

छावणीतल्या जागांचा कायदा वेगळा आहे. 'ओल्ड ग्रँट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत भिंती आणि छप्पर तुमचे, खालची जमीन सरकारची. सरकारला हवी तेव्हा नोटीस देऊन आणि बांधकामाची भरपाई देऊन ती परत घेता येते. आमचे दुकान अशाच जागेवर आहे. माझ्या बँकेच्या दिवसांत अशा मालमत्तेचे कागद तारणाला आले की आम्ही ते बाजूला ठेवत असू. आपल्या घराचेही कागद तसेच आहेत हे मला ठाऊक होते, पण मी कधी कुणाला बोललो नाही.

म्हणजे छावणीतल्या दुकानदाराकडे थोडी रोकड होती, पण पायाखालची जमीन नव्हती. नानेगावच्या शेतकऱ्याकडे जमीन होती, पण ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत हातात रोकड नव्हती. दोघांची मालकी अपुरी होती, आणि एकाकडे जे नव्हते ते दुसऱ्याकडे होते.

दुकानदाराने उधारीच्या मोबदल्यात जमीनच का घेतली नाही, असा प्रश्न पडेल. एकेकाळी सावकार तेच करत. त्याविरुद्ध १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंगे झाले, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले आणि रोख्याच्या मागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. पुढे १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंदी घातली. आमच्या दुकानाची भरभराट झाली ती या कायद्यानंतर. आजोबांनी कुणाची जमीन लाटली नाही, हे आमच्या घरी अभिमानाने सांगितले जाते. त्यातला किती भाग सचोटीचा आणि किती कलम ६३ चा, हे वही सांगत नाही.

कीर्द आणि खतावणी

आता वह्यांकडे येतो. रोजची घडेल तशी नोंद ती कीर्द. तिच्यातून प्रत्येकाच्या नावाच्या पानावर जमा आणि नावे अशी मांडणी केली की ती खतावणी. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाने 'श्री' काढायचे, 'शुभ' आणि 'लाभ' लिहायचे, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर पहिली नोंद करायची. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढली जाई. १९५७ च्या आधी रुपये, आणे, पै. नंतर नये पैसे. धान्य आधी चिपटे, मापटे, शेर, पायलीने, मग किलोने. वजने-मापे बदलली, पण पानांवरची नावे तीच राहिली.

शेतकऱ्याचे खाते मृगाच्या आसपास फुगू लागे. बियाणे, दोर, कंदील, रॉकेल, गूळ, चहा-साखर, पेंड. श्रावण-भाद्रपदात त्यात औषधपाणी आणि गणपतीचा खर्च पडे. दिवाळीला कापड आणि तेल. हिवाळ्यात भाजी निघे, ऊस तुटे, पुढच्या काळात द्राक्षे निघत, तेव्हा जमेच्या बाजूला रक्कम येई. होळीच्या सुमाराला बाकी काढून खातेदाराची सही किंवा अंगठा घेतला जाई. या सहीला कायद्याचा आधार होता. येणे वसूल करायची मुदत तीन वर्षांची. पण त्याआधी बाकी लेखी कबूल केली की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वहीतला अंगठा म्हणजे विश्वासाची खूण, असे मी लहानपणी ऐकले होते. ती वकिलाच्या सल्ल्याचीही खूण होती.

व्याजाचा रकाना मात्र कुठेच नाही. अण्णा अभिमानाने सांगायचे, 'आपण व्याज घेत नाही.' मी बँकवाला. मला हे पटेना. म्हणून मी एक काम केले. एकाच दिवसाची कीर्द आणि खतावणी शेजारी ठेवली. कीर्दीत रोख विकलेल्या साखरेचा भाव एक, त्याच दिवशी खात्यावर मांडलेल्या साखरेचा भाव दुसरा. दहा-बारा ठिकाणी ताडून पाहिले. फरक ठरलेला होता : रुपयामागे आणा. नव्या नाण्यांत साधारण सहा पैसे.

म्हणजे व्याज होते. ते भावात लिहिले होते.

बँकेच्या सवयीने मी दर काढला. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, शेकडा सव्वासहा. जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे मार्चमध्ये आले तर नऊ महिन्यांना सव्वासहा टक्के, म्हणजे वर्षाला साधारण सव्वाआठ. हे काही फार नाही. पण जानेवारीत नेलेल्या मालाचे पैसे मार्चमध्ये आले तर तोच दर वर्षाला साडेसदतीस टक्के होतो. फेब्रुवारीत नेले आणि महिन्याने फेडले तर पंचाहत्तर टक्के. सुगीच्या तोंडावर, जेव्हा फेड अगदी निश्चित असे, तेव्हा शेतकरी सगळ्यात महाग माल नेत होता. ही पिळवणूक नव्हे तर काय, असे मनात आले आणि त्या रात्री मी वह्या मिटून ठेवल्या.

पिकॅनच्या मुलखात

भावात व्याज लपवण्याची ही युक्ती आपल्याच दुकानदारांची नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, जॉर्जिया, लुईझियाना, टेक्ससमध्ये, पिकॅन नावाचे फळझाड होते. आपल्या अक्रोडाच्या कुळातले, तिथल्याच मातीतले. टेक्ससने १९१९ मध्ये त्याला राज्यवृक्ष केले. तिथल्या खेड्यांतही एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली दुकाने होती. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामी गेली, पण मुक्त झालेल्या माणसांकडे जमीन नव्हती आणि लहान शेतकऱ्यांकडे रोकड नव्हती. बँका मोडलेल्या. तेव्हा खेड्यातला दुकानदार उभ्या पिकाच्या तारणावर माल देऊ लागला. त्याच्याकडेही रोखीचा भाव एक आणि उधारीचा दुसरा असे. तिथे हा फरक फार मोठा असे, आणि पीक दुकानदाराकडे गहाण असल्याने दुसऱ्या दुकानात जायची सोय नसे. अनेक कुटुंबे त्या कर्जातून पिढीभर बाहेर पडली नाहीत.

पिकॅनच्या बागायतीचा पाया मात्र त्याहून आधी घातला गेला. चांगल्या झाडाचे कलम बांधून एकसारखी बाग उभी करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १८४० च्या दशकात लुईझियानातल्या ओक ॲली मळ्यावर झाला. करणारा माळी गुलाम होता. आंत्वान, एवढेच त्याचे नाव इतिहासाला माहीत आहे.

हे वाचल्यावर मी पुन्हा आमच्या खतावणीकडे वळलो. पाने कुणाच्या नावाची आहेत? ज्याचा सातबारा आहे त्याची. शेतमजुरांची, गावकुसाबाहेरच्या वस्तीची, डोंगराकडून मजुरीला येणाऱ्या आदिवासींची पाने नाहीत. ते कीर्दीत आहेत, पण नावाशिवाय : 'सुट्टी विक्री'. त्यांना चढा भाव द्यावा लागला नाही, कारण त्यांना उधार मिळालीच नाही. 'आज रोख' ही पाटी त्यांच्यासाठी खरी होती. बायकांचीही नावे नाहीत. दुकानात येऊन माल नेणारी बहुधा बाईच असे, तरी पान नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. फार तर 'घरून आल्या' अशी नोंद.

दुष्काळाची दोन वर्षे

इथेच थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण १९७२ ची वही उघडली. महाराष्ट्राच्या आठवणीतला तो मोठा दुष्काळ. नानेगावच्या एका खात्याचे पान माझ्यापुढे होते. घरातले थोरले, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू. त्या वर्षी जमेच्या बाजूला काही नाही. पुढच्या वर्षीही जवळजवळ काही नाही. नावेची बाजू मात्र चालू आहे. मिलो, तेल, मीठ, चहा. माल कमी झाला, पण बंद झाला नाही. १९७४ च्या होळीला बाकीतली निम्मी रक्कम आली, उरलेली त्यानंतरच्या वर्षी.

या दोन-अडीच वर्षांत बाकीवर पुन्हा चढ लागलेला नाही. माल नेताना जो आणा वाढला तोच. नऊ महिन्यांऐवजी तीस महिन्यांनी पैसे आले तेव्हा तोच सव्वासहा टक्क्यांचा चढ वर्षाला अडीच टक्क्यांवर आला. त्या काळात कुठल्याही बँकेने या दराने कर्ज दिले नसते.

तेव्हा मला हिशेब उलगडला. ठरलेला चढ वेळेवर फेडणाऱ्याला महाग पडे आणि अडलेल्याला स्वस्त. सुगीच्या तोंडावर माल नेऊन महिन्यात फेडणारा शेतकरी जे जास्तीचे पैसे देत होता, त्यातूनच दुष्काळात अडकलेल्याचे खाते चालू राहत होते. दुकानदाराचा नफाही त्यातूनच निघे, हे विसरायचे नाही. पण त्या एका आण्यात व्याज होते तसा विमाही होता. कुणी त्याला विमा म्हटले नाही. हप्ता भरणाऱ्यालाही आपण तो भरतो आहोत हे कळत नव्हते. आणि ज्यांचे पान नव्हते, त्यांना तो विमा नव्हता.

बँकेत आमचे गणित बरोबर उलटे होते. दर आधी सांगितलेला, छापील, कायदेशीर. पण पाऊस पडो न पडो, व्याज चालू. थकले की दंडव्याज. फेडणाऱ्याला स्वस्त, अडलेल्याला महाग. मी स्वतः सह्या केलेल्या नोटिसांची संख्या मला आठवत नाही, पण त्यांतली काही घरे आठवतात.

सरकारला हे प्रश्न ठाऊक नव्हते असे नाही. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये दिला. आपले धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास, असे त्या पाहणीत दिसले. त्यातून सहकारी पतपुरवठ्याचा विस्तार झाला, १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ मध्ये नाबार्ड आली, १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले. हे सगळे गरजेचे होते आणि त्याने पुष्कळ घरे सावरली. मीच त्या यंत्रणेचा पगार घेतला. पण खतावणीतला तो नकळत भरलेला हप्ता या यंत्रणेत कुठे बसवायचा, हे कुणाला सुचले नाही.

खाते कुठे गेले

आमचे दुकान एका दिवसात ओस पडले नाही. १९४८ मध्ये लष्कराचा कँटीन स्टोअर्स विभाग नव्या स्वरूपात सुरू झाला आणि जवानांचे गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळले. मग शहर जवळ आले, मोठी दुकाने आली, आता माल घरपोच येतो. दादा म्हणतो, 'पूर्वी लोक आपल्याकडे यायचे कारण पैसे नसायचे. आता पैसे असले की दुसरीकडे जातात, आणि नसले की आपल्याकडे.' दुकानदाराच्या अर्थशास्त्राचा इतका नेमका सारांश मी बँकेच्या प्रशिक्षणातही ऐकला नव्हता.

शेतीही तीच राहिली नाही. नाशिकची जुनी द्राक्षे म्हणजे भोकरी, फकडी, साहेबी, हबशी. वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवत. नंतर थॉमसन सीडलेस आली, लोखंडी मांडव आले, ठिबक आले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी, मधल्या काळात फवारण्यांचे वेळापत्रक. ज्वारी-भाजीच्या शेतीला सुगीपर्यंत किराणा उधार मिळाला की भागत असे. द्राक्षबागेला उधार लागते ती औषधे आणि खतांची, आणि तिची रक्कम किराण्याच्या कित्येक पट असते.

म्हणून खाते मोडले नाही, त्याने फक्त पेठ बदलली. आज नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत कृषी सेवा केंद्रात उभे राहा. 'बाग विकली की देतो, लिहून ठेवा' हे वाक्य ऐकू येईल. तिथेही रोखीचा भाव वेगळा असतो. फरक दोन. एक, आता शेतकरी जितका या दुकानदारावर अवलंबून, तितकाच द्राक्षे नेणाऱ्या व्यापाऱ्यावर. परगावचा व्यापारी माल उचलून पैसे न देता पसार झाला, अशा तक्रारी या जिल्ह्याला नव्या नाहीत. दुसरा फरक असा की, ऑक्टोबरातल्या एका अवकाळी पावसाने गावातल्या सगळ्यांच्याच बागा एकदम जातात. जुन्या खतावणीत कुणाची भाजी, कुणाचे दूध, कुणाचा ऊस असे वेगवेगळे होते. एकाचे बुडाले तरी दुसऱ्याचे तरत असे. सगळ्यांनी एकच पीक घेतले की वेळेवर फेडणारा उरतच नाही आणि आण्याचा विमा कोसळतो.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली स्थानकावरून देशातली पहिली किसान रेल्वे बिहारमधल्या दानापूरला निघाली. १,५१९ किलोमीटरचा प्रवास, बत्तीस तासांच्या आत. एके काळी पलटणी उतरवणाऱ्या या स्थानकातून नाशिकचा शेतमाल निघालेला पाहून मला मनापासून आनंद झाला. बाजार लांब गेला हे चांगलेच. पण दानापूरच्या व्यापाऱ्याकडे नानेगावच्या शेतकऱ्याचे पान नाही. तो भाव देईल, दुष्काळात मीठ-तेल देणार नाही. ते काम आता कुणाचे, हा प्रश्न त्या गाडीबरोबर जात नाही, तो फलाटावरच राहतो.

कॅम्पाभोवतालच्या कित्येक बागांच्या जागी आता बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत. २०२३ मध्ये हिमाचलातल्या योल छावणीचा नागरी भाग लष्कराच्या कारभारातून वेगळा काढला गेला, तेव्हापासून देवळालीतही तशी बोलणी ऐकू येतात. उद्या आमच्या भिंतींखालची जमीन आमची होईलही. तोवर दुकान नसेल.

येणे आणि देणे

दुकान बंद करायचे म्हणजे हिशेब पुरा करायला हवा. दादाने आणि मी मिळून दोन याद्या केल्या. येण्याची यादी लांबलचक निघाली. बहुतेक रकमा मुदतीबाहेरच्या, काही माणसेच आता नाहीत. ती यादी दादाने वाचली, दुमडली आणि वहीत ठेवून दिली. 'यातलं कुणी रस्त्यात भेटलं तर मला नमस्कार करतं, तेवढं राहू दे,' म्हणाला.

देण्याची यादी सात नावांची होती, आणि मला धक्का बसला तो तिचा. सुगीला मोठी रक्कम हाती आली की काही शेतकरी ती दुकानातच ठेवत. घरात ठेवली तर खर्च होते, बँक लांब, म्हणून शेठकडे जमा. लागेल तशी उचलायची. मी ज्याला उधारीचे दुकान समजत होतो ती काही घरांची बचत पेढीही होती. आणि जमेवर आजोबांनी किंवा अण्णांनी कधी एक पैसाही व्याज दिलेले नव्हते. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांच्यातला फरक त्यांना पाठ होता. आपल्याकडे पडून राहिलेल्या दुसऱ्याच्या पैशाचाही भाव असतो, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हते.

सातांतले एक नाव आप्पांचे. बाकी फार नव्हती. बँकेत बचत खात्यावर जे व्याज मिळाले असते ते मी धरले आणि रक्कम पाकिटात घालून दसऱ्याच्या आधी आम्ही दोघे नानेगावला गेलो. आप्पा जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगाही गेला. घरात सून आणि नातू. नातू द्राक्षांचे नवे फुटवे दाखवायला आम्हाला बागेत घेऊन गेला. गोडी बहाराची छाटणी नुकतीच झाली होती आणि औषधवाल्याचे खाते मागच्या हंगामाचेच पुरे व्हायचे होते.

परत ओसरीवर आलो. वहिनींनी चहा दिला. दादाने पाकीट पुढे केले आणि कशाचे ते सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'दुष्काळात तुमच्या दुकानाचं मीठ खाल्लंय, भाऊ. सासूबाई सांगायच्या. हे पैसे घ्यायचे का, ते तुम्हीच सांगा.'

दादा म्हणाला, 'वहिनी, वही बंद करायची आहे. देणं ठेवून वही बंद होत नाही.'

त्यांनी पैसे घेतले. मी वही उघडून पान पुढे केले. नातू सही करायला वाकला, तर त्या म्हणाल्या, 'थांब, मी करते.' आणि त्यांनी सावकाश, स्वतःचे, वडिलांचे नाही, नवऱ्याचे नाही, आधी स्वतःचे आणि मग आडनाव, असे नाव लिहिले. आमच्या तीन पिढ्यांच्या खतावणीत बाईच्या नावाची ती पहिली नोंद.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा लक्ष्मीपूजन आले असेल. यंदा आमच्याकडे नवी वही आणलेली नाही. जुनीचीच पूजा करायची आणि ती ट्रंकेत ठेवायची, असे ठरले आहे. पाटी दादाने काढून दिली. तिच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड असलेल्या पत्र्यावर, आजोबांच्या अक्षरात खडूने लिहिलेली एक बेरीज अजून पुसट दिसते. कुणाच्या खात्याची ती, ते लिहिलेले नाही.